लंडनमधला नाटकांचा आठवडा: बेळगावहून शिकायला जाणाऱ्यांसाठी

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कुणा ना कुणा मुलामुलीचा फोन येतो. व्हिसा झाला, खोली मिळाली, कुकर न्यायचा का, असे प्रश्न असतात. मग हळूच शेवटी, "दादा, तिकडं नाटकं बघायला परवडतात काय?" पहिल्या प्रश्नांची उत्तरं बाकीचे देतील. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी सविस्तर देतो, कारण मी एक वर्ष तिथं मास्टर्स केलं आणि त्यातल्या एका आठवड्यात पाच नाटकं पाहिली. खाणं-पिणं आणि बसभाडं धरूनही घरून मागावे लागले नाहीत एवढ्या पैशांत.

एकच गोष्ट लक्षात ठेवा. लोक आधी फिरायची यादी करतात आणि उरलेल्या संध्याकाळी नाटक कोंबतात. याच्या उलट करा. स्वस्त तिकीट ठरावीक वेळेला, ठरावीक जागी मिळतं, ते तुमच्यासाठी थांबत नाही. लंडनची मोठी म्युझियमं मात्र फुकट आहेत, कधीही गेलात तरी जागेवर असतात. म्हणून आधी तिकिटं पक्की करा आणि मधल्या मोकळ्या तासांत शहर बसवा.

आठवडा कुठला धरायचा

नोव्हेंबरात आणि फेब्रुवारीत बऱ्याच विद्यापीठांत 'रीडिंग वीक' असतो, म्हणजे तास नसतात. सगळे तेव्हाच बेत आखतात. पण चार वाजता अंधार, अंगावर तीन थर कपडे, आणि शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरचा उघडा मंच बंद. तो साधारण एप्रिल-मेपासून ऑक्टोबरपर्यंतच चालतो. मी मे महिन्याचा दुसरा आठवडा घेतला होता. परीक्षा संपलेल्या, प्रबंधाचं डोक्याला अजून लागलेलं नाही. सूर्य पावणेनऊला मावळतो, त्यामुळं साडेसातच्या नाटकाला लख्ख उजेडात शिरता आणि बाहेर येता तेव्हा रात्र झालेली असते. मे जमत नसेल तर सप्टेंबरात पोचल्या पोचल्या, अभ्यास अंगावर यायच्या आत.

न्यायच्या वस्तू

कुंदा नेऊ नका. आईनं कितीही पॅक करून दिला तरी नको. भारतातून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. शेंगाचटणी न्या, भरपूर न्या. ब्रेडला लावून खाल्ली की दुपारचे सहा-सात पौंड वाचतात, आणि पौंड शंभर रुपयांच्या वर आहे हे पहिले दोन महिने तुम्ही विसरणार नाहीच आहात. पातळ रेनकोट घ्या, का ते ग्लोबपाशी सांगतो. आणि विद्यापीठाचं ओळखपत्र रोज खिशात हवं.

तिकीट काढायच्या वाटा

आपल्याकडं लोकमान्य रंगमंदिराच्या खिडकीवर जायचं, प्लॅन बघायचा, "मधली द्या हो" म्हणायचं. तिथं एकाच खुर्चीचा भाव सकाळी एक, दुपारी एक असू शकतो. वाटा अनेक आहेत, मला उपयोगी पडल्या त्या सांगतो.

नॅशनल थिएटरची 'फ्रायडे रश' नावाची सोय आहे. पुढच्या आठवड्याच्या प्रयोगांची थोडी तिकिटं शुक्रवारी दुपारी एक वाजता ऑनलाइन सोडतात. माझ्या वेळी दर दहा पौंड होता. साडेबारालाच वेबसाइट उघडून बसायचं. एक वाजला की रांगेतला नंबर मिळतो. माझा पहिल्यांदा चार हजारांत आला होता आणि तरी तिकीट मिळालं, कारण पुढचे बरेच जण एकाच गाजलेल्या नाटकावर तुटून पडलेले असतात. ज्याचं नाव ऐकलं नाही ते नाटक निवडा.

दुसरी वाट वयाची. १६ ते २५ वयाच्यांसाठी बऱ्याच अनुदानित नाट्यगृहांत वेगळा स्वस्त दर असतो, आधी नाव नोंदवून ठेवावं लागतं. हे काम सप्टेंबरातच उरका. पंचविसावं सरलं की दार बंद.

तिसरी, त्याच दिवशीची 'रश' तिकिटं. टुडेटिक्स नावाचं ॲप आहे, त्यावर बऱ्याच नाटकांची तिकिटं सकाळी दहाला सुटतात. काही ठिकाणी खिडकीवरही मिळतात. चौथी वाट लेस्टर स्क्वेअरमधलं टीकेटीएस, ते सवलतीच्या तिकिटांचं अधिकृत खोपटं. त्याच्या आजूबाजूला 'अर्ध्या किमतीत' अशा पाट्या लावलेली बरीच दुकानं आहेत, तिकडं वळू नका. चौकातल्या बागेच्या दक्षिण कडेला स्वतंत्र उभं आहे ते खरं.

खुर्ची निवडताना शब्द समजून घ्या. स्टॉल्स म्हणजे खालचा मजला. त्यावर ड्रेस सर्कल, त्यावर अपर सर्कल, आणि सगळ्यात वर बाल्कनी किंवा गॅलरी. जुन्या नाट्यगृहांत ही वरची गॅलरी इतकी उभी असते की खाली बघताना राजहंसगडाच्या कड्यावर बसल्यागत वाटतं. तरीही तीच घ्या, आवाज वर छान येतो. फक्त 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' हे दोन शब्द दिसले तर त्या खुर्चीचा फोटो इंटरनेटवर शोधा. मी एकदा न शोधता घेतली. समोर लोखंडी खांब, आणि नायिका दोन अंकभर त्या खांबाच्या मागंच बसली. तिचे हात तेवढे दिसायचे, चहा ओतताना.

वेळेचं एकदाच सांगतो

साडेसात म्हणजे साडेसात. आपल्याकडं साडेसहाचं नाटक म्हणजे तिसरी घंटा सातला, त्याआधी पाहुण्यांचा सत्कार, शाल-श्रीफळ, दोन शब्द म्हणता म्हणता वीस मिनिटं. ती सवय घेऊन मी एका नाट्यगृहात सात चौतीसला पोचलो. दाराशी एक मुलगी होती, अतिशय गोड बोलली आणि आत सोडलं नाही. मग व्हरांड्यातल्या छोट्या टीव्हीवर, आवाज जवळजवळ नसलेल्या, पहिली बावीस मिनिटं पाहिली. माझ्याबरोबर एक म्हातारे गृहस्थ होते, तेही उशिरा आलेले. आम्ही दोघं शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यासारखे. मंचावर प्रवेश बदलताना दार उघडतात तेवढ्यातच आत घुसायचं, तेही वाकून. म्हणून अर्धा तास आधी पोचा. फोन बंद म्हणजे बंद. फोटो नाही.

सोमवार: नदीकाठ

सुरुवात चालण्यानं करा. वेस्टमिन्स्टर पुलावरून थेम्सच्या दक्षिण काठाला उतरा आणि पूर्वेकडं चालत राहा. टॉवर ब्रिजपर्यंत रमतगमत दोन-अडीच तास. वाटेत नॅशनल थिएटर लागतं. १९७६ साली उघडलेली डेनिस लासडनची ही काँक्रीटची इमारत पहिल्या नजरेला एखाद्या धरणाच्या भिंतीसारखी दिसते. मला आवडायला तीन भेटी लागल्या. आत ऑलिव्हिए, लिटलटन आणि डॉर्फमन अशी तीन थिएटरं आहेत, पण विद्यार्थ्याच्या कामाची खरी जागा म्हणजे तिथलं प्रशस्त फॉयर, आत शिरल्यावरची मोकळी जागा. तिकीट नसलं तरी कुणी अडवत नाही. लॅपटॉप उघडून बसा, शेंगाचटणीचा ब्रेड खा, पाय पसरा. फ्रायडे रशचं तिकीट सोमवारचं असेल तर संध्याकाळी तिथूनच उठून आत.

मंगळवार: ग्लोब

यावर मी जास्त बोलणार आहे. बाकी काही नाही बघितलं तरी हे बघा.

सकाळी सेंट पॉल कॅथेड्रल बाहेरून बघा, आत जायचं तिकीट महाग आहे. तिथून मिलेनियम ब्रिज हा पायी चालायचा पूल थेट नदीपलीकडं नेतो. समोर टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय, फुकट. डावीकडं गवताच्या छपराचं पांढरं, गोलसर घर दिसतं, तेच ग्लोब. शेक्सपिअरच्या नाटक मंडळीनं मूळ ग्लोब बांधलं १५९९ मध्ये. १६१३ मध्ये 'आठवा हेन्री' चालू असताना तोफेच्या ठिणगीनं छप्पर पेटलं आणि ते जळून गेलं. एका माणसाची विजार पेटली, ती म्हणे बाटलीतल्या बिअरनं विझवली. आत्ताचं ग्लोब सॅम वॉनामेकर या अमेरिकन नटाच्या हट्टातून उभं राहिलं, उघडलं १९९७ मध्ये. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडनमध्ये गवताचं छप्पर घालायची परवानगी मिळालेली ही पहिली इमारत.

तिकीट घ्यायचं ते 'यार्ड'चं, म्हणजे मंचासमोरच्या उघड्या अंगणात उभं राहायचं. पाच ते दहा पौंडांत मिळतं. आईला फोनवर सांगितलं तर पलीकडून, "उभं राहून नाटक? पैसे देऊन?" थोडं थांबून, "किती वेळ?" म्हटलं, तीन तास. "पाय मोडून घेतोस काय रे!"

पाय दुखतात, खरं आहे. प्रयोग चालू असताना अंगणात खाली बसू देत नाहीत. छत्री उघडू देत नाहीत, मागच्याला दिसणार नाही म्हणून. पाऊस आला तर रेनकोट चढवायचा आणि उभंच राहायचं, नट भिजत नाहीत पण तुम्ही भिजता. मोठी सॅक नेऊ नका. दारं उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी रांगेत लागा आणि आत गेल्या गेल्या मंचाची कड गाठा. मंच छातीएवढ्या उंचीवर आहे, त्यावर कोपर टेकवता येतात आणि तीन तास तेवढ्यावर निघतात. ती कड नाही मिळाली तर मागची लाकडी भिंत पकडा, पाठ टेकायला. मधे उभं राहिलात तर आईचं म्हणणं पटेल.

मी कडेशी होतो. दिवे बंद होत नाहीत, नटांना आपले चेहरे दिसतात. एका प्रवेशात एक शिपाई गर्दीतून वाट काढत मंचाकडं निघाला, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला सारलं आणि जाता जाता मलाच काहीतरी विचारलं. शेक्सपिअरचं इंग्रजी, मला अर्धं कळलं, मी मान हलवली. लोक हसले. तेव्हा मला खानापूर तालुक्यातल्या जत्रेतलं नाटक आठवलं. देवळासमोरचं पटांगण, पुढं पोरं घोंगडीवर, मागं बैलगाडीवर चढलेले म्हातारे, आणि खलनायकाला थेट शिव्या घालणाऱ्या मावश्या. आपल्याकडचा माणूस ग्लोबमध्ये पाच मिनिटांत रुळतो. एकच फरक, 'वन्स मोअर' ओरडायचं नाही.

जायच्या आधी कथानक वाचून जा, संकोच करू नका. तिथले लोकसुद्धा वाचून येतात. मराठीतून वाचलंत तर उत्तम. 'ऑथेल्लो' लागलं असेल तर देवलांचं 'झुंजारराव', 'मॅकबेथ' असेल तर शिरवाडकरांचं 'राजमुकुट'. निघायच्या आधी गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. देवल हे अण्णासाहेब किर्लोस्करांचे शिष्य, आणि किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८४३ चा. तिथल्या वर्गात कुणी तुम्हाला "तुमच्याकडे थिएटरची परंपरा आहे का?" असं विचारेल, तेव्हा हे हाताशी असू द्या. मला विचारलं होतं. मी गोंधळून बॉलिवूडबद्दल बोललो, अजून लाज वाटते.

बुधवार: दुपारचा खेळ, रात्री आराम

आठवड्यात मधल्या एखाद्या दिवशी बहुतेक वेस्ट एंड नाटकांचा, म्हणजे लंडनच्या मध्यातल्या व्यावसायिक नाटकांचा, दुपारचा खेळ असतो, मॅटिनी. दिवस नाटकागणिक वेगळा, आधी बघून घ्या. सकाळी दहाला ॲपवर रश तिकीट, तीन तास नॅशनल गॅलरीत, मग चालत नाट्यगृह.

इथं सगळे विचारतात, 'माऊसट्रॅप' बघू का? अगाथा ख्रिस्तीचं हे रहस्यनाटक २५ नोव्हेंबर १९५२ ला लंडनमध्ये सुरू झालं. १९७४ पासून ते सेंट मार्टिन्स थिएटरमध्ये आहे, मध्ये फक्त २०२० च्या मार्चपासून कोविडमुळं चौदा महिने थांबलं होतं. नाटक म्हणून मला बेताचंच वाटलं. पण शेवटी नट पुढं येऊन प्रेक्षकांना विनंती करतो की खुनी कोण ते बाहेर सांगू नका, आणि लोक सत्तर वर्षं ती पाळतायत. बेळगावात हे मध्यंतराच्या बटाटेवड्यापर्यंतसुद्धा टिकलं नसतं.

मध्यंतरात वडा नाही, छोट्या डब्यातलं आइस्क्रीम मिळतं, चमचा झाकणात. महाग आहे, एकदा घ्या. माहितीपुस्तिकाही विकत असते, ती घ्यायची गरज नाही. कलाकारांची यादी बऱ्याच ठिकाणी मागितली तर फुकट मिळते.

रात्री घरी जा, कपडे धुवा, झोपा. सलग चौथ्या दिवशी माणूस चांगल्या नाटकात घोरतो, मी शेजारच्याला घोरताना ऐकलंय.

गुरुवार: आपली माणसं, छोटं थिएटर

सकाळी चॉक फार्म स्टेशनवर उतरा. तिथून जवळच १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत असताना या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये ते विकत घेतलं, आता स्मारक आहे. निपाणीकरांनी तर जावंच, इथून परतल्यावर दोन-तीन वर्षांतच, १९२५ मध्ये बाबासाहेब निपाणीला परिषदेसाठी आले होते. बाहेर पडून प्रिमरोज हिलच्या टेकडीवर चढा. लंडन समोर पसरलेलं दिसतं आणि एक पैसा लागत नाही.

वेळ उरला तर वॉरिक ॲव्हेन्यूजवळ १०, हाउली प्लेस. १९१८-१९ मध्ये लोकमान्य टिळक इथं राहिले, भिंतीवर पाटी आहे. आत जायचं नाही, लोक राहतात. १९१६ साली बेळगावात होमरूल लीग काढणारा माणूस दोन वर्षांनी या शांत गल्लीत, कालव्याजवळ. मी पाटीचा फोटो काढून घरी पाठवला. बाबांचं उत्तर आलं, "कोट घातलास काय? थंडी आहे म्हणे."

संध्याकाळी छोट्या थिएटरात जा. कोव्हेंट गार्डनमधलं डॉनमार वेअरहाउस फक्त २५१ खुर्च्यांचं, पूर्वी तिथं केळी पिकवायचं गोदाम होतं. नट इतके जवळ की कुजबूज तशीच कानावर येते, माइक नाही. म्युझिकलच्या मागं लागणाऱ्यांना माझा आग्रह आहे, असं एक तरी नाटक बघा. झगमगाट मुंबईतही दिसतो.

शुक्रवार आणि शनिवार

शुक्रवारी दुपारी एकला पुन्हा रश, पुढच्या आठवड्यासाठी. सवय मोडू नका. संध्याकाळी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (व्ही अँड ए) म्युझियम दहापर्यंत उघडं असतं, फुकट. तिथं रंगभूमीचं वेगळं दालन आहे, जुने पोशाख, नेपथ्याच्या प्रतिकृती. वाघनखं बघायला म्हणून जाणार असाल तर ती २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, सुरुवातीला साताऱ्याला, म्हणून जायच्या आधी चौकशी करा. त्याआधी पाचच्या सुमाराला वेस्टमिन्स्टर ॲबेत प्रार्थनेला बसता आलं तर बसा. दिवसा आत जायचं तिकीट भारी आहे, प्रार्थनेला पैसे नाहीत. फोटो काढत फिरायचं नाही मात्र, बसून ऐकायचं.

शनिवारी एखादं म्युझिकल. सगळ्यात महाग वार आहे, पण मित्रमैत्रिणी तेव्हाच मोकळे असतात. दुपारी एक आणि रात्री एक असे दोन खेळ बघायचा मोह होईल. मी एकदा केलं. दुसऱ्यातलं काहीच आठवत नाही.

फिरण्याचा खर्च

बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड टेकवायचं. माझ्या वेळी भाडं १.७५ पौंड होतं, आणि तासाभरात कितीही बस बदला, तेवढेच. भुयारी रेल्वेपेक्षा बस घ्या. १५ नंबरची बस ट्रॅफल्गर स्क्वेअरवरून सेंट पॉलवरनं टॉवरकडं जाते. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली की टूरिस्ट बसचे पैसे वाचले. नाटक साडेदहाला सुटतं, तेव्हा घरी पहाटेचे तीन असतात, म्हणून 'पोचलो' एवढाच मेसेज टाका, फोन करू नका. शुक्रवार-शनिवारी काही मार्गांवर भुयारी रेल्वे रात्रभर चालते, बाकी दिवशी शेवटची गाडी बघून ठेवा.

रविवार

बरीच नाट्यगृहं बंद असतात. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे, मंडळ १९३२ पासूनचं. कार्यक्रम आहे का ते आधी बघून जा. मी गेलो त्या दिवशी तालीम चालली होती, एक काकू नाटकाची वही धरून बसल्या होत्या. कुठला रे तू, विचारलं. बेळगाव म्हटल्यावर त्यांनी वही बाजूला ठेवली, "मग तुला कन्नड येतं की! आमच्या नाटकात एक हुबळीचा पाहुणा आहे, बोलणारं कुणी मिळेना." त्या आठवड्यातलं सहावं नाटक मी असं आतून पाहिलं, तीन वाक्यांची भूमिका, आणि तालमीनंतरचं पिठलं-भात फुकट.